स्वातंत्र्य हे देवाचे दान कसे असू शकते?

इंदोरा_वाचक (प्रश्न)

सर्वांना जय भीम.

आमच्या वाचनमंडळात सध्या निरनिराळ्या धर्मांतील मुक्तीच्या कल्पनांवर चर्चा सुरू असून ख्रिस्ती धर्मावर टिपण मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी मी मराठी बायबलमधील, ख्रिस्ताचा आद्य प्रचारक पौल याची गलतीकरांस आणि रोमकरांस लिहिलेली पत्रे लक्षपूर्वक वाचली. स्वातंत्र्याविषयी त्यांत ज्या तळमळीने लिहिले आहे ती तळमळ मला भिडली. परंतु हे स्वातंत्र्य माणसाने कमावलेले नसून देवाने त्याला विनामूल्य दिलेले आहे, या मुद्द्यापाशी मी अडलो.

अडण्याचे कारण स्पष्टपणे सांगतो. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि त्यानंतर एकवीस वर्षे सर्व बाजूंनी विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. ज्या घरात हा दिवस वर्षातला सर्वांत मोठा दिवस मानला जातो, त्या घरात स्वातंत्र्य कोणाच्या मेहेरबानीने मिळत नाही हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. देणारा वर असतो, घेणारा खाली असतो आणि घेणाऱ्याने मान खाली घालून उभे राहायचे असते, हा आमच्या समाजाचा शेकडो वर्षांचा अनुभव आहे. मग जे स्वातंत्र्य दान म्हणून हाती येते ते घेणाऱ्याला देणाऱ्याचे मिंधे करीत नाही का?

आणखी दोन शंका आहेत. मुक्त केले असे सांगून लगेच आज्ञांची यादी दिली जाते, ती कशासाठी? आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात कृपादानांचा जो उल्लेख येतो, म्हणजे रोग बरे करणे, संदेश देणे, अन्य भाषांत (म्हणजे न शिकलेल्या भाषांत आत्म्याच्या प्रेरणेने) बोलणे, ती काहींना मिळतात आणि काहींना मिळत नाहीत, तर त्यातून एक नवी उतरंड तयार होत नाही का? मी हे वादासाठी विचारत नाही. टिपणात आपल्या श्रद्धेची मांडणी चुकीची होऊ नये, एवढीच इच्छा आहे.


सदर_सभासद

जय भीम, आणि आमच्या रीतीप्रमाणे प्रभूच्या नावात सलाम.

आपण विचारलेला पहिला प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेच्या अगदी गाभ्याचा आहे आणि आमच्या मंडळ्यांतून (म्हणजे चर्चमधून) तो इतक्या नेमकेपणाने क्वचितच विचारला जातो. दानाविषयी आपण जो अनुभव मांडला आहे तो खरा आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. मात्र पौल ज्या दानाविषयी बोलतो, त्यात देणारा नेमका कोठे उभा आहे, हे पाहावे लागते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की, ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते पद धरून ठेवले नाही, स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरण पत्करले. रोमी राज्यात वधस्तंभ ही विशेषतः गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी शिक्षा होती. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हाच ख्रिस्त शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. देणारा वर आणि घेणारा खाली, ही जी मांडणी आपण केली, ती या ठिकाणी उलटी झालेली आहे. देणारा खाली वाकलेला आहे आणि घेणारा बसलेला आहे. त्यांतील पेत्र या शिष्याला ते सहन होत नाही म्हणून तो पाय धुवून घेण्यास नकारही देतो.

दुसरी गोष्ट मिंधेपणाची. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी पौल पापाचे वेतन आणि देवाचे कृपादान अशी दोन टोके समोरासमोर ठेवतो. वेतन हिशेबाने मिळते आणि त्याला मालक लागतो. कृपादानात हिशेब नाही, म्हणून परतफेडीचा तगादाही नाही. गलतीकरांच्या पत्रातील चौथ्या अध्यायाचे सातवे वचन आपण पुन्हा एकदा वाचावे अशी माझी विनंती आहे. तेथे पौल सांगतो की, तू आता दास नाहीस, पुत्र आहेस, आणि पुत्र आहेस म्हणून देवाने तुला वारसही केले आहे. वारसदाराने वाटा स्वतः कमावलेला नसतो, तरीही तो घेताना त्याला कोणापुढे मान झुकवावी लागत नाही, कारण त्याचा त्यावर हक्क असतो. भिक्षा आणि वारसा या दोन्ही गोष्टी फुकटच मिळतात, परंतु त्या घेणाऱ्याला वेगवेगळ्या जागी उभे करतात. पौलाच्या मनात वारसा आहे.

आज्ञांबद्दल थोडक्यात लिहितो. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा येतात, परंतु त्यांच्या आधीचे वाक्य असे आहे की, ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढले तोच मी परमेश्वर तुझा देव आहे. आधी सुटका झाली आणि नंतर आज्ञा आल्या. आज्ञा पाळल्या म्हणून कोणी मिसरच्या राजाच्या, फारोच्या, तावडीतून सुटले नाही. शब्बाथाची आज्ञाही आपण या दृष्टीने पाहावी: वीटभट्टीवर राबलेल्या लोकांना आठवड्यातून एक दिवस विसावा, आणि तो त्यांच्या दासदासींना व गुराढोरांनाही. ज्यांनी गुलामी भोगली त्यांनी दुसऱ्याला गुलामासारखे राबवू नये, एवढा त्याचा रोख आहे.


सेमिनरी_हिल्स

सदर येथील बंधूंनी उत्तम लिहिले आहे. मी कॅथलिक असल्यामुळे त्यात एक गोष्ट जोडू इच्छिते आणि एका ठिकाणी माझा भर निराळा आहे, तेही नोंदवते.

दान खरे आहे की लादलेले आहे हे ओळखण्याची एक कसोटी अशी की, ते नाकारता येते का. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेकडे येतो, आपला निरोप सांगतो, ती प्रश्न विचारते, तो उत्तर देतो, आणि त्यानंतर ती होकार देते. तो होकार येईपर्यंत देवदूत तेथून जात नाही. आमच्या उपासनेत या प्रसंगाला इतके महत्त्व आहे की आम्ही दिवसातून तीनदा दूतवंदना या प्रार्थनेत तो आठवतो. देव सर्वसमर्थ असूनही गालिलातील एका गावच्या मुलीच्या संमतीसाठी थांबतो, हे मला स्वातंत्र्याविषयीच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक सांगून जाते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पिताही मुलाला वाटा देतो आणि जाऊ देतो. त्याच्या पाठोपाठ माणसे पाठवून त्याला धरून आणत नाही.

माझा भर निराळा आहे तो येथे. प्रॉटेस्टंट बंधू कृपेविषयी बोलताना माणसाच्या वाट्याला काहीच ठेवत नाहीत असे आम्हाला पूर्वीपासून वाटत आले आहे. आमची शिकवण अशी की, कृपा आधी येते हे निःसंशय, परंतु ती माणसाच्या इच्छाशक्तीला जागे करते आणि तिला सोबत घेऊन काम करते. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी, माणूस स्वतःच्या बळावर चांगले वागू शकतो असे मानणाऱ्या पेलेजियसशी झालेल्या वादात निवड करण्याची शक्ती आणि चांगल्याची निवड करून त्यात टिकून राहण्याची शक्ती यांत फरक केला होता. पहिली प्रत्येकाकडे असते. दुसरी जखमी झालेली आहे आणि ती बरी करणे हे कृपेचे काम आहे. दारूच्या आहारी गेलेल्या माणसाच्या घरी ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण त्या माणसाला दुकानाकडे जायला कोणी बांधून नेत नाही आणि तरीही तो मोकळा नसतो. या प्रश्नावरून आमच्यात आणि लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) मंडळ्यांत शतकानुशतके दुरावा होता. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे दोन्ही बाजूंनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, तारण कृपेनेच होते, माणसाच्या पुण्याईने होत नाही, हे एकत्र मान्य केले. मतभेद सगळे मिटले नाहीत, परंतु एकमेकांना पाखंडी ठरवणे थांबले.

आणखी एक नोंद आपल्या टिपणासाठी उपयोगी पडेल. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक परिषदेने, धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा स्वीकारला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. चर्चला हे इतक्या स्पष्टपणे म्हणायला १९६५ साल उजाडावे लागले याचे मला दुःख आहे, आणि शेवटी ते म्हटले गेले याचा आनंदही आहे.


इंदोरा_वाचक

दोघांचेही मनापासून आभार. वारसा आणि भिक्षा यांतील फरक मला पटला आणि तो मी टिपणात घेणार आहे. मरियेच्या होकाराकडे मी या दृष्टीने कधी पाहिले नव्हते.

परंतु आमच्या मंडळातील लोक पुढचा प्रश्न विचारणारच. हे सारे पुस्तकात असताना ख्रिस्ती राष्ट्रांनी गुलामांचा व्यापार कसा केला? पौलाने पळून आलेल्या अनेसिम नावाच्या गुलामाला मालकाकडे परत का पाठवले? आणि आपल्या देशातील चर्चमध्ये जात गेली का?


धंतोली_मराठी

मी मराठी शिकवते आणि ख्रिस्ती घरातली आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला आधी द्यावेसे वाटते. नाही, जात गेली नाही. दक्षिणेत काही ठिकाणी वेगळ्या बैठका आणि वेगळी कब्रस्ताने होती व आहेत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळ्यांमध्ये जातिभेद पाळला जाऊ नये असा आदेश काढला, तेव्हा तंजावर भागातील पुष्कळ लोक चर्च सोडून गेले. आपल्याकडेही लग्न जुळवताना मूळ जात विचारली जाते, हे आम्ही सगळे जाणतो आणि बोलत नाही. हे झाकून आपल्याला टिपण लिहायला सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण गलतीकरांच्या पत्रातील दुसरा अध्याय आपण वाचला असेल तर त्यातील अंत्युखियाची घटना आपल्या नजरेतून सुटली नसेल. तेथे यहुदी आणि विदेशी (म्हणजे यहुदी नसलेले) ख्रिस्ती एका पंक्तीला जेवत असत आणि पेत्रही त्यांच्यात बसत असे. यरुशलेमहून तेथील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली तेव्हा मात्र पेत्र त्यांच्या धाकाने हळूहळू बाजूला सरकला आणि वेगळा जेवू लागला. बाकीचे यहुदी त्याच्यामागे गेले, पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा गेला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर दोष दिला. आपण महाराष्ट्रातील माणसे याला एकच नाव देऊ, ते म्हणजे पंक्तिभेद. ज्या पत्रात स्वातंत्र्यावर इतके लिहिलेले आहे, त्या पत्राचा सगळा युक्तिवाद या एका जेवणाच्या पंक्तीपासून सुरू होतो, आणि तिसऱ्या अध्यायात तो यहुदी व हेल्लेणी (ग्रीक), दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हा भेद उरला नाही या वाक्यापर्यंत पोहोचतो. पौलाच्या दृष्टीने देवाचे दान स्वीकारल्याची खूण म्हणजे कोणाशेजारी बसून जेवता येते, ही होती. म्हणून जातिभेद पाळणारा ख्रिस्ती माणूस आपल्या श्रद्धेतील एखादे दुय्यम कलम मोडत नसतो. तो दानच परत करीत असतो.

या संदर्भात मराठीतील दोन स्त्रियांकडे मी लक्ष वेधू इच्छिते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या त्यांनी चर्चची सर्व मते जशीच्या तशी स्वीकारावीत असा आग्रह धरला, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून ठामपणे कळवले की, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारून आल्यावर तसेच दुसरे जू मानेवर घेण्याची त्यांची तयारी नाही. ज्यांनी त्यांना आश्रय दिला होता, त्यांनाच त्या हे लिहीत होत्या. आपण विचारलेल्या मिंधेपणाच्या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. माणसांचे उपकार त्यांनी मानले, पण त्यांपोटी सदसद्विवेक गहाण ठेवला नाही, आणि त्याचे कारण त्या ख्रिस्ताच्या शिकवणुकीतच शोधत होत्या. पुढे केडगावला त्यांनी निराधार स्त्रियांसाठी जी संस्था उभी केली तिचे नाव त्यांनी मुक्ती ठेवले.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या कथेतला काही भाग आपल्या गावचाच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते, आणि नागपूर व राजनांदगाव यांच्या दरम्यानच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर तेव्हा आकाश कोसळले. त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या, नंतर एकत्र राहू लागल्या तरी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही, आणि टिळकांनी ते सोडायला लावले नाही. देवाने माणसे जातींत विभागलेली नाहीत, हा विचार त्यांच्याच मनात उगवला तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. येथेही पंक्ती आधी मोकळी झाली. एका तापट स्वभावाच्या नवऱ्याने आपल्या श्रद्धेच्या बाबतीत बायकोची इतकी वर्षे वाट पाहिली, हे त्या काळातच नव्हे तर आजही दुर्मीळ आहे.


जरीपटका_उपासक

कृपादानांविषयीचा प्रश्न मागे राहिला आहे म्हणून लिहितो. मी पेंटेकॉस्टल मंडळीत जातो आणि आमच्या उपासनेत अन्य भाषांत प्रार्थना होते. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटते हे मला ठाऊक आहे. पण दिवसभर कोणी ज्याचे ऐकून घेत नाही, त्या माणसाला देवापुढे मोकळेपणाने रडता येते, बोलता येते, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी जवळून पाहिली आहे.

तरीही आपली शंका रास्त आहे. करिंथ येथील मंडळीत नेमके तेच झाले होते, ज्यांना अन्य भाषा येत ते स्वतःला मोठे समजू लागले होते. पौलाने चौदाव्या अध्यायात मर्यादा घातली: दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावे, एकाने अर्थ सांगावा, आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे. ही मर्यादा आमच्याकडे नेहमी पाळली जात नाही आणि ती पाळली जावी असे मला कळकळीने वाटते. रोग बरे करण्याच्या नावाखाली जेथे पैसे मागितले जातात तेथे मी जात नाही. फुकट मिळाले ते फुकट द्या, हे मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशूने शिष्यांना रोग बरे करायला पाठवतानाच सांगितले आहे.


सदर_सभासद

जरीपटक्याच्या बंधूंशी मी सहमत आहे. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायातील यादी पूर्ण वाचली तर तीत चमत्कारांच्या शेजारी साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे असेही लोक येतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शिकवणे, धीर देणे, दानधर्म करणे आणि दया करणे ही कृपादाने मोजली आहेत. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बाई आणि मंडळीचा जमाखर्च चोख ठेवणारा माणूस यांना आम्ही व्यासपीठावर बोलावत नाही, पण पौलाच्या यादीत त्यांची जागा आहे. शिवाय शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक आवश्यक आहेत आणि ज्यांना मान कमी त्यांना देवाने अधिक मान दिला आहे, असे तो त्याच अध्यायात सांगतो. उतरंड तयार होण्याचा धोका त्याला दिसत होता. दान ज्याच्या हाती येते त्याच्यासाठी ते नसते, इतरांच्या उपयोगासाठी असते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणूनच दान मिळालेल्याला मालक न म्हणता कारभारी म्हटले आहे.

एक स्थानिक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे होते आणि समजत्या वयात स्वतः विश्वास प्रकट केल्यावरच बाप्तिस्मा द्यावा असे मानणारे बॅप्टिस्टही होते. दोन्ही रीती ठेवण्यात आल्या. कोणालाही दुसऱ्याच्या विवेकावर सक्ती करू दिली नाही. ऐक्य आणि स्वातंत्र्य यांची अशी सांगड घालणे सोपे नव्हते, आणि आजही आमच्यात कुरबुरी होतात.

राहिला गुलामगिरीचा प्रश्न. बायबल हातात घेऊन गुलामांचा व्यापार करणारे होते आणि तेच पुस्तक हातात घेऊन तो बंद पाडणारेही होते. ब्रिटनमध्ये हा व्यापार १८०७ साली कायद्याने थांबला, त्या चळवळीत विल्यम विल्बरफोर्स आणि क्वेकर पंथाचे लोक पुढे होते. त्याच शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागातील धर्मोपदेशक अनेसिमचे उदाहरण देऊन पळालेले गुलाम परत पाठवावेत असे सांगत होते. हे दोन्ही आपल्या टिपणात यावे.

अनेसिमच्या मालकाला, फिलेमोनाला, पौलाने लिहिलेले पत्र एकाच अध्यायाचे आहे. मंडळात मोठ्याने वाचले तरी काही मिनिटांत संपेल. त्यात पौल म्हणतो की, मला आज्ञा करण्याचा अधिकार आहे, तरी मी विनंती करतो, कारण तुझे चांगले कृत्य बळजबरीने झालेले नसावे, स्वखुशीने झालेले असावे. अनेसिमला आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार, खुद्द मला स्वीकारशील तसा स्वीकार, आणि त्याच्याकडून तुझे काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे तो स्वतःच्या हाताने लिहितो. आपण दानाविषयी जे विचारले होते ते सगळे येथे एका माणसाच्या प्रकरणात उतरले आहे, कर्ज कोणी उचलले तेही. मात्र अनेसिमला गुलामीतून मुक्त कर, असे त्या पत्रात उघड शब्दांत कोठेही लिहिलेले नाही. मंडळातील सभासद यावर बोट ठेवतील. त्यांचा आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर देण्याची घाई न करता तो जसा असेल तसा टिपणात नोंदवावा, अशी माझी विनंती आहे.